‘साबर बोंडं’ आणि धाडसाची शाबासकी

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाचे मराठीत कौतुक झाले नाही, अशी आमची तक्रार नाही. कौतुक पुष्कळ झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. या महोत्सवात पोहोचलेला तो पहिलाच मराठी चित्रपट. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत लागला आणि त्यावर भरभरून बोलले गेले. आमची तक्रार आहे ती या कौतुकाच्या जातकुळीविषयी. कलाकृती वाचण्याचे टाळायचे असेल तर तिच्या पाठीवर थाप मारून मोकळे व्हावे, ही आपल्या समीक्षाव्यवहारातील जुनी युक्ती आहे. ‘साबर बोंडं’च्या वाट्याला ती पुरेपूर आली. निंदा निदान वाद घालायला जागा ठेवते; अशी शाबासकी तेवढीही ठेवत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेविषयी थोडक्यात. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा तिशीतला आनंद वडिलांच्या निधनानंतर आईसोबत गावी येतो. दहा दिवसांचे सुतक पाळायचे आहे. नातेवाइकांचा गोतावळा जमलेला आहे आणि दुःखाच्या घरातही आनंदच्या लग्नाचा विषय थांबत नाही. या दिवसांत त्याची भेट बाळ्याशी, बालपणीच्या सवंगड्याशी, होते. बाळ्या गावातच राहिलेला, शेतीत राबणारा. लग्नाचा तगादा त्याच्याही मागे आहे. या दोघांमध्ये जे उमलते ते हा चित्रपट कसलीही घाई न करता पाहतो. भूषण मनोज आणि सुराज सुमन यांनी या भूमिका केल्या आहेत, आणि जयश्री जगताप यांनी आनंदच्या आईची. पार्श्वसंगीत नाही. चौकटी बहुतांशी स्थिर आहेत. स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दहा दिवसांत नातेवाइकांनी लग्नाचा धोशा लावला, त्या अनुभवातून ही कथा सुचल्याचे कानवडे यांनी सांगितलेले आहे.

आता या चित्रपटाविषयी परीक्षणांत, चर्चासत्रांत आणि प्राध्यापक कक्षांतील गप्पांत जे पुन्हा पुन्हा कानावर येते, त्याचे तीन ठसे आम्हाला दिसतात. पहिला: ‘धाडसी विषय संयतपणे हाताळला आहे.’ दुसरा: ‘ही समलिंगी प्रेमाची गोष्ट नाहीच, ही फक्त दोन माणसांची गोष्ट आहे.’ तिसरा: ‘सुंदर आहे, पण फार संथ, संघर्षच नाही.’ तिन्ही वाक्ये निरुपद्रवी वाटतात. बोलणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. तरीही या तिन्ही वाक्यांमागे एकच संकोच दडलेला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

धाडस कोणाचे?

‘धाडस’ हा शब्द कलाकृतीचे वर्णन करीत नाही. तो बोलणाऱ्याच्या भीतीचे माप देतो. ज्याला अंधाराची भीती वाटत नाही तो रात्री विहिरीवर गेलेल्या माणसाला धाडसी म्हणत नाही. एखाद्या चित्रपटाला आपण ‘धाडसी’ म्हणतो तेव्हा आपण स्वतःला सर्वसाधारण, मधल्या जागी उभा असलेला प्रेक्षक मानून चालतो, आणि पडद्यावरच्या माणसांना आपल्या अंगणात आलेले पाहुणे ठरवतो. पाहुण्याचे कौतुक करता येते. घर त्याचेही आहे, हे मात्र त्यातून मान्य होत नाही.

‘हाताळणे’ हे क्रियापदही तपासून पाहावे. विषय हाताळला, संयतपणे हाताळला, समर्थपणे हाताळला. एवढी काळजी घेऊन हाताळण्याची वेळ काचेच्या भांड्यावर येते किंवा विंचवावर. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीविषयी (२००४) आजवर किती लिहिले गेले! नववीतल्या मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते, हा ‘विषय’ बोकिलांनी संयतपणे हाताळला, असे कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. तिथे समीक्षक थेट आणीबाणीच्या काळाबद्दल, मुलांच्या भाषेबद्दल, निमशहरी घरांबद्दल, वर्गातल्या राजकारणाबद्दल बोलू लागतो. प्रेम हे तिथे गृहीत असते; त्याची परवानगी काढावी लागत नाही. ‘साबर बोंडं’पाशी आला की तोच समीक्षक दारातच थबकतो, परवानगीचा कागद तपासतो, आणि तो तपासण्यातच लेख संपतो.

‘संयत’ या विशेषणात तर आभारप्रदर्शन दडलेले आहे. फार काही दाखवले नाहीत, आम्हाला अवघडायला लावले नाहीत, याबद्दल आभार. वस्तुतः हा चित्रपट देहापासून लाजून दूर पळत नाही. त्यातला संयम वेगळ्या प्रकारचा आहे. कॅमेरा थांबतो, वाट पाहतो, शोकाकुल घरातल्या आवाजांना जागा देतो. हा शैलीचा निर्णय आहे आणि शैली म्हणूनच त्याची चर्चा व्हायला हवी. संगीत काढून टाकल्यावर दृश्यात काय उरते? दोन माणसे गप्प बसलेली असताना प्रेक्षकाला कोणाकडे पाहायचे हे कोण सांगते? हे प्रश्न आपण कुठल्याही अन्य चित्रपटाला विचारले असते. येथे ते शिष्टाचाराच्या प्रमाणपत्राखाली गाडले गेले.

‘फक्त माणसांची गोष्ट’

दुसरे वाक्य अधिक उदार, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. ‘यात समलिंगी वगैरे काही नाही, प्रेम हे प्रेम असते.’ हा युक्तिवाद मराठी वाचकाने पूर्वीही ऐकलेला आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आले, त्याआधी बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा संग्रह आला, तेव्हाही असे सांगणारे होते की हे लेखन मोठे ठरते ते ‘दलित’पणाच्या पलीकडे जाऊन माणसाचे दुःख सांगते म्हणून. म्हणजे वैश्विकतेच्या दारात शिरायचे तर जोडे बाहेर काढून ठेवायचे. शरणकुमार लिंबाळे यांना ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहावे लागले ते असल्या दारांमुळेच. जात आणि लैंगिकता या एकच गोष्टी आहेत असे आम्ही म्हणत नाही. दोहोंचा इतिहास वेगळा, हिंसा वेगळी. परंतु ‘माणूस’ या शब्दाचा उपयोग माणसाचा तपशील पुसण्यासाठी करण्याची आपल्या समीक्षेची सवय एकच आहे.

एक साधा प्रयोग करावा. बाळ्याच्या जागी एखादी मुलगी कल्पून पाहावी, आणि चित्रपटातले काय शिल्लक राहते ते मोजावे. सुतकातला एक तरुण गावातल्या तरुणीबरोबर रानात, झाडाखाली, तळ्याकाठी वेळ घालवतो आहे, हे चित्रच उभे राहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी गाव बोलू लागेल, तिसऱ्या दिवशी भाऊबंद जमतील. आनंद आणि बाळ्या यांना मात्र कोणी अडवत नाही. दोन मित्र आहेत, बालपणीचे आहेत, बापाच्या दुःखात एकमेकांना धरून आहेत, यात कोणाला काय वावगे वाटणार? आपल्या खेड्यांत पुरुषांच्या मैत्रीला केवढी मोकळीक आहे! गळ्यात हात टाकून फिरावे, एका वाकळेवर झोपावे. ही मोकळीक या दोघांचा आडोसा आहे. आणि तोच त्यांचा तुरुंगही आहे. त्यांच्याकडे पाहताना कोणालाच काही दिसत नाही, म्हणून ते सुरक्षित आहेत. आणि कोणालाच काही दिसत नाही, म्हणूनच त्यांच्या नात्याला नाव नाही, हक्क नाही, त्याच्या विरहाला समजून घेणारे कोणी नाही. एकाच रूढीतून मोकळीक आणि पुसले जाणे ही दोन्ही कशी निघतात, हे या चित्रपटाचे खरे दर्शन आहे. ‘ही फक्त दोन माणसांची गोष्ट’ असे म्हटले की हे दर्शनच निकालात निघते.

वैश्विकता नको, असे आमचे म्हणणे नाही. ‘फँड्री’मधला जब्या शालूकडे पाहतो तेव्हा ते किशोरवयीन प्रेम जगातल्या कोणालाही कळते. पण ते कळते ते कैकाडी घरातल्या मुलाचे पाहणे म्हणूनच. नागराज मंजुळे यांच्या त्या चित्रपटाने (२०१४) आपल्याला शिकवले की तपशील जितका टोकदार तितकी पोच दूरची. तो धडा एका दशकात विसरला जावा, याचे आश्चर्य वाटते.

दुःख पाहिजे, तेही रीतसर

तिसऱ्या वाक्याकडे, म्हणजे ‘संघर्ष नाही’ या आक्षेपाकडे, वळू. याला उत्तर देण्यापूर्वी आपल्या रंगभूमीवर आणि पडद्यावर अशा पात्रांचा जो प्रवास झाला तो आठवावा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली मित्रा स्त्रीवर प्रेम करते, आणि अखेरीस आत्महत्या करते. त्या काळात हे नाटक लिहिणे ही मोठीच गोष्ट होती, यात शंका नाही. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) आश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते येते ते अधीक्षिकेपुढचा एक पेच म्हणून. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये (२००६) पतीचा पुरुषाशी असलेला संबंध उघड होतो, आणि कथेचे केंद्र साहजिकच पत्नीच्या धक्क्यात राहते. या साऱ्या गंभीर कलाकृती आहेत. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्यामुळे, आणि त्यांच्यावरील समीक्षेमुळे, प्रेक्षकाला एक सवय लागली. असे पात्र आले की ते कोणासाठी तरी समस्या असणार, आणि त्याची किंमत कोणीतरी मोजणार. आपण हळहळायचे आणि घरी जायचे.

याच्या दुसऱ्या टोकाला विनोदी नाटकांतला आणि चित्रपटांतला बायकी पुरुष. तो आला की हमखास हशा. आमच्या पिंपळे गुरवमध्ये नटसम्राट निळू फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिथे आणि चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात आम्ही हा हशा अनेकदा ऐकला आहे. मराठी प्रेक्षकाला अशा माणसाशी दोनच प्रकारे वागता येते, हसून किंवा हळहळून. ‘साबर बोंडं’ या दोन्ही सोयी काढून घेतो. आनंद हास्यास्पद नाही आणि मरतही नाही. आईला त्याच्याविषयी ठाऊक आहे आणि ती त्याच्या पाठीशी आहे. वडिलांनीही त्याला टाकलेले नव्हते. शेवट शोकान्त नाही. मग नेहमीच्या संवेदनशील प्रेक्षकाने करायचे काय? तो म्हणतो, काही घडतच नाही.

घडते, आणि पुष्कळ घडते. पण ते पाहायला आपली रीत बदलावी लागते. संघर्ष म्हणजे आरडाओरडा, बापाची काठी, पंचायत, पलायन, ही व्याख्या आपण कोठून आणली? आनंदचा संघर्ष जेवणाच्या पंगतीत आहे. काय घालायचे, काय खायचे, कोठे जायचे नाही, याचे नियम वडीलधारे सांगतात आणि तो ते निमूट पाळतो. कारण वडिलांवर त्याचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमाची भाषा त्याला या नियमांतूनच बोलावी लागणार आहे. त्याच तोंडांतून लग्नाचा आग्रहही येतो. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, ही समजूत आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. म्हणजे मृत्यूच लग्नाची घाई घेऊन येतो. ज्या विधीने मुलगा बापाला निरोप देतो, तोच विधी त्याला स्वतःच्या आयुष्याला निरोप द्यायला सांगतो. दहा दिवसांच्या या मुदतीत, जिथे आनंदाला शास्त्रानेच मज्जाव आहे तिथे, हे प्रेम उगवते. याहून मोठा नाट्यविरोध कोणता हवा?

उशिरा आलेले सोळावे वर्ष

आमच्या मते या चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट समीक्षेच्या नजरेतून निसटली आहे. ‘साबर बोंडं’ ही वयात येण्याची गोष्ट आहे. नायक तिशीतला असला, तरी. शाळकरी प्रेमाच्या कथांना मराठीत तोटा नाही. ‘शाळा’ आहे, ‘बालक-पालक’ (२०१३) आहे, ‘टाइमपास’ (२०१४) आहे. वहीत लिहिलेले नाव, शिकवणीच्या वाटेवरची थांबलेली सायकल, नजर चुकवणे, नजर मिळवणे: हा सारा ऐवज चौदा-पंधराव्या वर्षी खर्च करायचा असतो. ज्या मुलाला आपले आवडणे कोणालाच, स्वतःलाही, सांगता येत नाही, त्याचा हा ऐवज खर्च होत नाही. तो गाठीला बांधलेलाच राहतो. आनंद आणि बाळ्या तो तिशीत सोडतात. म्हणून त्यांच्या वागण्यात पोरवय आहे. म्हणून ते थट्टा करतात, एकमेकांसाठी रानमेवा आणतात, झाडाखाली पडून राहतात. सगळे नातेवाईक म्हणतात, वय उलटून चालले. आणि ज्याचे वय उलटून चालले त्याचे सोळावे वर्ष आत्ता कोठे सुरू झाले आहे. चित्रपटाची संथ लय ही या उशिराच्या वयाची लय आहे. ती ‘कंटाळवाणी’ ठरवणे म्हणजे कोणाचे तरी पौगंड आपल्याला बघवत नाही, असे म्हणणे.

शीर्षकही इथेच जोडून घ्यावे. साबर म्हणजे फड्या निवडुंग. त्याची लाल, काटेरी फळे म्हणजे साबर बोंडं. ही कोणी लावत नाही, त्यांना पाणी घालत नाही, बाजारात त्यांची पाटी मांडत नाही. बांधावर, पडीक जागी ती आपोआप येतात, आणि गावची पोरे ती कुसे काढून खातात. काटे काढून कोणाच्या तरी हाती असे फळ देणे, ही प्रेमाची केवढी नेमकी कृती आहे! आमच्या पिढीतल्या अनेकांनी ती फळे खाल्ली आहेत आणि ओठांत रुतलेली कुसेही काढली आहेत. तरीही या प्रतिमेच्या जवळ जाऊन बसण्याऐवजी आपण सनडान्सच्या बातमीजवळ जाऊन बसलो.

‘हे आपले नव्हे’

पुरस्काराचा मुद्दा सोडून चालणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसने गौरविले, तेव्हाही आपण असेच जागे झालो होतो. परदेशी मोहोर उमटली की अभिमान, आणि ती उमटली म्हणूनच संशय. ‘हे चित्रपट महोत्सवांसाठी काढलेले असतात,’ हे वाक्य ठरलेले. समलिंगी प्रेम असेल तर त्यात आणखी एका वाक्याची भर पडते: ‘हे आपले नव्हे.’

इथे देशीवादाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या अभ्यासक मित्रांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. बोली, कुळाचार, भाऊबंदकी, दहाव्याची तयारी, शेताचा बांध, चुलीपाशी बसलेल्या बायकांची बोलणी, हे सारे एखाद्या चित्रपटात इतके भरलेले असताना तो ‘आपला’ ठरण्यासाठी आणखी काय लागते? र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लैंगिक जीवनावरील वाचकांच्या प्रश्नांना उघडपणे उत्तरे दिली जात, आणि समलिंगी संबंधांचा विषयही त्यात वर्ज्य नव्हता. १९३४ साली त्यांच्यावरील खटल्यात कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हे सारे याच भूमीत घडले. प्रश्न मराठी माणसांनी विचारले होते, मराठीत विचारले होते. आणि मूळच शोधायचे तर तो निवडुंग स्वतः अमेरिका खंडातून आलेला आहे. तो इथल्या बांधावर रुजला, इथल्या बोलीत त्याला नाव मिळाले, इथल्या पोरांच्या तोंडात त्याचा लाल रंग लागला. आता त्याला परका म्हणणारा शेतकरी शोधून सापडणार नाही. मग माणसांच्याच बाबतीत हे मूळ शोधण्याचे सोवळे कशाला?

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीचे उदाहरणही याच संदर्भात घ्यावे. भाऊ आणि बहीण दोघेही घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि भाऊ तनय त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून बोलतो. मराठी व्याकरणाची गंमत अशी की ‘तू’ म्हणून सुटका होत नाही. ‘आलास’ की ‘आलीस’, ‘गेलास’ की ‘गेलीस’, क्रियापदच सांगून टाकते. इंग्रजीतले संबोधन हे लपवू शकते. मराठी लपवू देत नाही. म्हणजे या भाषेत असे प्रेम लिहायचे तर वाक्यावाक्याला ते उघड करावे लागते. भाषेच्या अभ्यासकांसाठी केवढा मोठा विषय हा! जेरी पिंटो यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला (२०१३), आणि २०२२ साली तिच्यावरील चित्रपट आला तो हिंदी-इंग्रजीत, घर पुण्याहून कोचीला हलवून. असे प्रेम मराठीतून बाहेर पडले की जगाला दिसते, आणि मराठीत असते तेव्हा ‘धाडसी’ एवढीच त्याची नोंद होते. ‘साबर बोंडं’ मराठीतच राहिला. त्याची कदर मराठी समीक्षेने तरी करायला हवी होती.

हे सारे कशासाठी

आम्ही मराठी शिकवतो, आणि पिंपळे गुरव परिसरात राहतो. इथल्या गल्ल्यांतून नगर, बीड, धाराशिव, जळगावकडची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चौघे-पाचजण. कोणी भोसरीला पहिल्या पाळीत, कोणी चाकणला रात्रपाळीत, आणि उरलेल्या वेळात पदवीचा अभ्यास. यांतला एखादा चार-आठ दिवस दिसत नाही. मग डोके मुंडवलेला परत येतो आणि म्हणतो, ‘सर, दहावा होता.’ आनंदची गोष्ट ही या मुलांची गोष्ट आहे. गाव आणि शहर यांच्यामधल्या यष्टीत बसलेल्या, आईच्या फोनला ‘यंदा नको’ म्हणणाऱ्या मुलांची. त्यांतील काहींची ती आणखी एका अर्थाने आहे, आणि ती मुले कोण हे आम्हाला माहीत असण्याचे कारण नाही. वर्गात आपण काय बोलतो आणि काय बोलणे टाळतो, हे मात्र ती ऐकत असतात.

चित्रपट आस्वादाच्या स्वाध्यायात आमच्या एका विद्यार्थ्याने ‘साबर बोंडं’वर सहा पाने लिहिली. त्यात सनडान्स होते, ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता, समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणारा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकालही होता, आणि ‘समाजाने दृष्टिकोन बदलला पाहिजे’ हे शेवटचे वाक्य होते. चित्रपट कोठेच नव्हता. आनंदची आई नव्हती, बाळ्या नव्हता, साबर बोंडं नव्हती. मुलगा हुशार आहे. छापील समीक्षेकडून तो जे शिकला ते त्याने इमानाने उतरवले होते. दोष त्या सहा पानांचा नाही.

यावर कोणी म्हणेल, पाठिंबा देणाऱ्यांनाच झोडपून काय साधणार? विरोधक कमी आहेत का? आहेत, आणि त्यांच्याशी भांडण वेगळ्या व्यासपीठावर चालूच राहील. परंतु साहित्याच्या अभ्यासकाचे काम पाठिंबा देण्याचे नाही. कायद्याने गुन्हा पुसला, तरी भाषेतले काम उरतेच. मराठीत अशा माणसासाठी एका बाजूला ‘बायल्या’सारख्या शिव्या आहेत, दुसऱ्या बाजूला ‘समलैंगिक’सारखे दवाखान्याचा वास येणारे शब्द. मधल्या जागी, जिथे ‘जिवलग’, ‘सखा’, ‘मैतर’ असे शब्द आधीपासून राहतात, तिथे ही माणसे कशी येतील, हा प्रश्न समीक्षेचा आहे. न्यायालयाचा नाही. बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांनी ‘पार्टनर’ आणि ‘इंद्रधनु’ या पुस्तकांतून मराठीत बोलण्याची सुरुवात केव्हाच केली. विद्यापीठीय समीक्षा अजून उंबऱ्यावर उभी आहे, हातात हार घेऊन.

आमची मागणी मोठी नाही. ‘साबर बोंडं’ला विशेष वागणूक देऊ नका. त्याला तेच प्रश्न विचारा जे ‘शाळा’ला आणि ‘फँड्री’ला विचारले. आनंदच्या घराइतके बाळ्याचे घर आपल्याला का दिसत नाही, असे विचारा. शहरात नोकरी असलेला आणि गावात राबणारा यांच्यातल्या अंतराचे चित्रपट काय करतो, तेही तपासा. आई इतकी समजूतदार आहे, ही समजूत तिच्या आयुष्यातल्या कोणत्या सोसण्यातून आली, हे चित्रपटात पुरेसे येते का, यावर वाद घाला. जमले तर चित्रपटावर टीका करा. नेमकी, साधार, कठोर. ज्या कलाकृतीवर आपण भांडू शकतो तिलाच आपण आपली मानलेले असते. पुढच्या सत्रात ‘किशोरवयीन प्रेमाचे चित्रण’ हा नेहमीचा विषय कोणी चर्चासत्रासाठी काढील, तेव्हा ‘शाळा’ आणि ‘टाइमपास’ यांच्या शेजारी ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘साबर बोंडं’ ही नावेही यावीत, आणि त्यांच्यापुढे कंसात ‘धाडसी’ असे कोणी लिहू नये.